सोडू का बांधून ठेवू?

मी मूळची लातूरची. पाणी म्हणजे टँकरमागे घागर घेऊन पळायचं, एवढंच लहानपणापासून बघत आले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. आई फोनवर म्हणाली, “कृष्णेचं पाणी आलंय गं.” दारी पाहुणी आल्यासारखा तिचा आवाज होता. तीन वर्षांनी, 2019 च्या जूनमध्ये, त्याच कृष्णेच्या काठावर सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मी पशुधन विकास अधिकारी म्हणून रुजू झाले. पहिल्या संध्याकाळी घाटावर जाऊन नदीला हात जोडले. इतकं वाहतं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात आम्ही तिघं. मी, तिथंच बावीस वर्षं काढलेले व्रणोपचारक काका आणि एक परिचर. सकाळी कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, दुपारी वस्तीवर फेरी. कासदाह, अडलेलं वासरू, वार न पडणं, पोटफुगी. गाव उसाचं आणि म्हशींचं. पहाटे पाचला डेअरीसमोर किटल्यांची रांग लागायची. दीड महिन्यात मला वाटायला लागलं की आपल्याला हे काम जमतंय. एका वेळी एक जनावर समोर यायचं, मी नाडी बघायची, ताप बघायची, औषध द्यायची. पदवीच्या साडेपाच वर्षांत मी तेच शिकले होते.

जुलै संपता संपता पाऊस बसला तो उठेना. कोयनेतून, वारणेतून पाणी सोडल्याच्या बातम्या येत होत्या. गावात मात्र घाबरलेलं कोणी दिसत नव्हतं. मराठी शाळेच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती. मी कोणालाही विचारलं की तो त्या खुणेकडे बोट दाखवायचा. “मॅडम, लई झालं तर हितवर. त्येच्या वर कृष्णामाई कधी आली न्हाई.” 2005 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं आणि सगळा जिल्हा त्याच आकड्यावर विसंबून होता. खुणेच्या वरच्या घरांनी काही आवरलं नाही, खालच्या घरांनी जनावरं वरच्या आळीत नेऊन बांधली. 5 ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी बायका झिम्मा खेळत होत्या आणि खालच्या आळीत पाणी शिरत होतं.

त्या वर्षी आयर्विन पुलाखाली पाणी 57 फुटांवर गेलं. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, म्हणजे धोक्याच्याही वर 12 फूट. भिंतीवरची खूण पाण्याखाली गेली आणि तिच्या भरवशावर वर नेऊन बांधलेली जनावरंही पाण्यात आली.

6 तारखेच्या सकाळी मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. हातात औषधांची बॅग होती, ती डोक्यावर धरली होती. त्या बॅगेतलं एकही औषध त्या दिवशी कामाचं नव्हतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. माणसं काढायला बोट आली. वरच्या आळीत एक मावशी राहायच्या, एकट्या. मुलगा पुण्याला. घरी एक म्हैस, आठव्या महिन्याची गाभण. बोटीतली पोरं ओरडत होती, “मावशी, चला! बोटीत माणसंच घ्यायची हायेत!” मावशी गोठ्याच्या दारात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. “म्हस सोडून मी येत न्हाई. जावा तुमी.”

पंधरा-वीस मिनिटं तशीच गेली. बोटीत आधीच एक बाळंतीण होती, दोन म्हातारी माणसं होती. पाणी चढत होतं. शेवटी मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी गावची डॉक्टर, माझा शब्द त्यांच्या लेखी शेवटचा होता.

“मॅडम, तुमी सांगा. सोडू का बांधून ठेवू?”

मला उत्तर माहीत नव्हतं. ‘मला माहीत नाही’ असं म्हणायचंही धाडस झालं नाही. धारेचा जोर बघून मला वाटलं, सोडली तर वाहून जाईल. गोठ्यात पाणी गुडघ्याच्या थोडं वर होतं. मी म्हणाले, “बांधूनच ठेवा, मावशी. दोन दिवसांत पाणी उतरेल.” मावशींनी गव्हाणीत वैरणीची पेंढी टाकली, म्हशीच्या कपाळाला हात लावला आणि बोटीत बसल्या. मागं वळून बघितलं नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पाणी माणूसभर चढलं.

गावाबाहेर माळावर एका शाळेच्या आवारात छावणी सुरू झाली. दोन दिवसांत 300 च्या आसपास जनावरं आली. कोणाची कुठली, कळायला मार्ग नव्हता. काहींच्या कानात बिल्ला होता, बऱ्याच जनावरांच्या नव्हता. दोन घरांत एका रेड्यावरून भांडण लागलं आणि दोघंही मला साक्षीला बोलवायला लागले.

दवाखान्यात आयुष्यभर एकेक जनावर बघायची तयारी केलेल्या माणसासमोर एकदम 300 जनावरं उभी राहिली की काय होतं, ते मी सांगते. जे जनावर सगळ्यात जोरात हंबरतं त्याच्याकडे तो माणूस पळतो. मी तेच करत होते. एका बैलाचं शिंग मोडलं होतं, रक्त येत होतं, मालक रडत होता, म्हणून मी अर्धा तास त्याच्यापाशी बसले. तेवढ्या वेळात भिंतीकडेला एक जर्सी गाय मान टाकून गप्प उभी होती. पोहताना तिच्या नाकातोंडातून पाणी फुप्फुसात गेलं होतं. ती हंबरत नव्हती, कारण हंबरायला तिच्यात दमच नव्हता. माझं लक्ष गेलं तेव्हा नाकातून फेस येत होता. संध्याकाळी ती गेली. शिंग मोडलेला बैल मी हात लावला नसता तरी दोन दिवस तग धरून राहिला असता.

तिसऱ्या दिवशी मदतीचे ट्रक आले. लोकांनी कुठून कुठून ओला चारा पाठवला होता. दोन दिवसांची उपाशी जनावरं तुटून पडली. मला आनंदच झाला. रात्री दहाला काका धावत आले. “मॅडम, तीन म्हशी फुगल्यात.” बॅटरीच्या उजेडात बघितलं, डाव्या कुशीचा खळगा भरून वर आला होता, बोटानं टिचकी मारली की ढोलासारखा आवाज. एकीला नळी घालून वायू काढला, दुसरीला तेल पाजलं. तिसरी आडवी पडायच्या बेतात होती. मी ट्रोकार हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, प्राध्यापक शेजारी नसताना, डाव्या कुशीत खुपसला. वायू फुस्सकन बाहेर आला, वास सहन होत नव्हता, आणि म्हशीनं एक लांब श्वास घेतला. ती वाचली. पण उपाशी जनावराला एकदम पोटभर ओला चारा घालू नये, आधी थोडा सुका कडबा द्यावा, ही पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट मी ट्रक आले त्या क्षणी कोणाला सांगितली नव्हती. तीनही म्हशी तशा आजारी नव्हत्या. माझी सूचना वेळेवर गेली नाही, म्हणून त्या फुगल्या.

पाठोपाठ दुसरे ट्रक आले. त्यात भिजून तापलेलं उसाचं वाढं होतं, हात घातला तर वाफ लागायची, मधोमध बुरशी. ते परत पाठवावं तर दात्यांचा अपमान, घालावं तर विषबाधा. कोवळी ज्वारी आली, तिची किरळ, म्हणजे विषबाधा, लागायची भीती. म्हशी पिळायला कोणी नव्हतं, कारण डेअरी बंद होती आणि दूध काढून करायचं काय, असा लोकांचा प्रश्न. चौथ्या दिवशी सडं दगडासारखी झाली. दूध ओतून द्यावं लागलं तरी चालेल, पण धार काढलीच पाहिजे, हे मी घरोघर सांगायला निघाले तोवर सात-आठ म्हशींना कासदाह झाला होता.

आणि लस. घटसर्प आणि फऱ्याची साथ पुरानंतर येते, हे मला पाठ होतं. दवाखान्याचा फ्रीज जमिनीवर होता. पाणी आलं, वीज गेली, 2 ते 8 अंशांत ठेवायच्या कुप्या चार दिवस उबेत राहिल्या. जिल्ह्यावरून नवीन लस आली, ती टोचलीही. पण टोचल्यापासून अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. लस टोचायची ती मे महिन्यात. ऑगस्टच्या चिखलात उभं राहून मी ते वेळापत्रक शिकत होते.

त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसं गेली. ती बातमी छावणीत आली तेव्हा कोणी कोणाशी बोललं नाही. आपापल्या जनावराशेजारी सगळे गप्प बसून राहिले.

पाणी उतरल्यावर आम्ही गावात गेलो. गाळ घोट्याच्या वर. वास इतका की तोंडाला बांधलेल्या फडक्यानं काही भागेना. मावशी माझ्याबरोबर आल्या. त्यांना येऊ नका म्हणायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या थांबल्या नसत्या.

म्हैस गोठ्यातच होती. दावं खुंटीला तसंच होतं. पाणी वर चढलं तशी ती पोहायचा प्रयत्न करत होती, हे खुंटीभोवतीच्या दाव्याच्या वेढ्यांवरून कळत होतं. दावं जितकं लांब तितकीच तिची मान वर येऊ शकली. मी गाठ सोडायला वाकले. सुती दावं भिजून, ताणून इतकं आवळलं होतं की नखं शिरेनात. पाच मिनिटं मी त्या गाठीशी झटत होते. शेवटी काकांनी विळा आणला आणि एका हिसड्यात दावं कापलं.

मावशी म्हणाल्या, “त्या शेजारच्या पोरानं कापली व्हती दावी. चार म्हशीतल्या तीन गावल्या त्याच्या. कारखान्याच्या रस्त्याला, चढावर.” त्यात दोष दिल्याचा सूर नव्हता. त्या फक्त सांगत होत्या. म्हैस पाण्यातलं जनावर आहे, मोकळी असेल तर ती पोहत चढ शोधते, हे त्या पोराला माहीत होतं.

पंचनाम्याच्या कागदावर मी लिहिलं: म्हैस, वय सहा वर्षं, गाभण, पुराच्या पाण्यात बुडून मृत. केंद्राच्या तेव्हाच्या निकषांप्रमाणे दुभत्या म्हशीला 30 हजार, ओढकामाच्या बैलाला 25 हजार, शेळी-मेंढीला 3 हजार मिळायचे. मावशींची म्हैस गोठ्यात सापडली म्हणून निदान पंचनामा झाला. ज्यांची जनावरं वाहून गेली त्यांच्याकडे दाखवायला ना देह, ना कानातला बिल्ला, ना फोटो. “व्हती, मॅडम, खरंच व्हती,” असं एक आण्णा मला दोनदा सांगायला आले. माझ्याकडे गावातल्या जनावरांची गल्लीवार यादी असती, तर त्यांना असं शपथेवर बोलावं लागलं नसतं.

मेलेली जनावरं पुरायची होती. खड्डा खणला की दोन फुटांवर पाणी लागायचं. सबंध शिवार पाण्यानं फुगलेलं. उंचावरची, विहिरीपासून लांबची जागा आधी ठरवलेली नव्हती, त्यामुळे जेसीबी तीन ठिकाणी फिरला. त्या वासात सरपंच, तलाठी आणि मी जागेवरून वाद घालत होतो.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीला घरी गेले. आजीला सगळं सांगितलं. आजी किल्लारीजवळच्या गावची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप तिनं अंगावर झेललेला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. ती म्हणाली, “माणसं काढली तरी दोन दिवस ढिगाऱ्यातून हंबरडा येत होता. दगडामातीच्या भिंती, आत बांधलेली गुरं. अंगणात होती ती वाचली.” मग जरा थांबून म्हणाली, “आमच्याकडं कोणी डॉक्टर नव्हताच विचारायला. तुझ्याकडं तर विचारलं होतं.” आजीनं मला टोचावं म्हणून तसं म्हटलं नाही. पण त्या वाक्यानं मी रात्रभर जागी राहिले.

जानेवारी 2020 मध्ये पुण्यात आपत्तीतल्या पशुवैद्यकीय सेवेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्याचं पत्र आलं तेव्हा मी सगळ्यात आधी नाव दिलं. शिकवायला सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमधून निवृत्त झालेले एक अधिकारी होते. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हा तीस जणांना प्रत्येकी 20 चिठ्ठ्या वाटल्या. एकेका चिठ्ठीवर एकेक जनावर: ‘बैल, मांडीला खोल जखम, उभा आहे, ओरडतो आहे’, ‘शेळी, पाय मोडलेला’, ‘म्हैस, मान खाली, श्वास जलद, आवाज नाही’. दहा मिनिटांत चार ढीग करायचे. लाल म्हणजे आत्ता हात लावला तरच वाचेल. पिवळा म्हणजे काही तास थांबू शकेल. हिरवा म्हणजे चालतंय-फिरतंय, मालकाकडे द्या. काळा म्हणजे वाचणार नाही, त्याच्या वेदना थांबवा आणि पुढे चला.

मी ‘आवाज नाही’ची चिठ्ठी उचलली आणि काही न बोलता लाल ढिगात ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेजारी सिंधुदुर्गातला एक डॉक्टर बसला होता. त्याच्या हातात काळ्या ढिगाची चिठ्ठी होती, ती त्याला खाली ठेवता येत नव्हती. अधिकारी त्याच्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “ही चिठ्ठी ठेवायला इथं पाच मिनिटं लागली तर चालेल. तिथं लागली तर मागची तीन जनावरं जातील. म्हणून इथं ठेवायला शिका.”

दुसरा दिवस दोरांचा होता. पदवी घेतलेली तीस माणसं दिवसभर दोराच्या गाठी मारत बसली होती. एका दोराची म्होरकी कशी करायची, आडव्या पडलेल्या जनावराला मान किंवा शेपूट न ओढता बारदानाच्या झोळीत कसं उचलायचं, बोटीमागून पोहणाऱ्या म्हशीचं डोकं हातानं कसं वर धरायचं आणि तिचा कासरा बोटीला कधीही का बांधायचा नाही. मग ती गाठ. दावं खुंटीला एक वेढा देऊन आडवा पदर असा घ्यायचा की जनावरानं कितीही ताणलं तरी ती सुटत नाही, पण मोकळं टोक माणसानं एकदा ओढलं की दावं हातात येतं. मी ती गाठ त्या दिवशी शंभर वेळा तरी मारली आणि सोडली. मावशींच्या गोठ्यात ती असती तर ऐन पाण्यात, अंधारातही एका ओढीनं सुटली असती.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी हात वर करून विचारलं, “सर, जनावर न्यायला जागा नसेल, वेळ नसेल, तर सोडायचं की बांधायचं?” ते म्हणाले, “नेता येत नसेल तर दावं सोडा, गोठ्याचं दार उघडं टाका. मोकळ्या जनावराला वाचायची संधी असते. बांधलेल्याला नसते.” एवढंच उत्तर होतं. ते कोणी मला जूनमध्ये दिलं असतं तर मी 6 ऑगस्टला दिलं असतं.

तिसऱ्या दिवशी हिशोब आणि माणसं. हिशोब असा की एका म्हशीला दिवसाला साधारण 50 लिटर पाणी लागतं. 300 म्हशी म्हणजे 15 हजार लिटर, म्हणजे 5 हजार लिटरचे तीन टँकर रोज. हा आकडा तहसीलदारांना पूर आल्यावर सांगून उपयोग नसतो. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण झालं. पावसाळ्याआधी त्यांच्या बैठका होतात. पशुवैद्यकानं त्या बैठकीत बसायचं, आकडे घेऊन बसायचं. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात लाखो जनावरं गेली, त्याचं उदाहरण झालं. अमेरिकेतल्या 2005 च्या कतरिना वादळाचंही झालं. तिथं कुत्र्यामांजरांना टाकून यायला तयार नसलेली माणसं घरातच थांबली, आणि पुढच्याच वर्षी त्या देशानं सुटकेच्या योजनेत पाळीव प्राणी धरलेच पाहिजेत असा कायदा केला. ते ऐकताना मला गोठ्याच्या दारातल्या मावशी दिसत होत्या. ज्या योजनेत म्हशीला जागा नाही त्या योजनेतून मावशीही बाहेर राहतात. बोट पंधरा-वीस मिनिटं थांबते, आणि बोटीतल्या बाळंतिणीचा जीवही त्या मिनिटांवर टांगलेला असतो.

मी परत आले. मार्चमध्ये करोना आला, तरी टाळेबंदीतसुद्धा जनावरांचा दवाखाना चालू होता, त्यामुळे गाव फिरता आलं. काका, मी आणि गावातली चार पोरं मिळून गल्लीवार वही केली. कोणाच्या घरी किती जनावरं, कोणती गाभण, कोणतं लंगडं, कोण एकटं राहतं, कोणाकडे ट्रॉली आहे. कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा नंबर आणि मालकाबरोबर जनावराचा फोटो. म्हैस ट्रॉलीत चढवायला उतार लागतो, म्हणून माळाच्या वाटेला मातीचा एक धक्का करून घेतला. रात्रीच्या पावसात म्हैस ट्रॉलीत चढत नाही, म्हणून ठरवलं की 45 फुटांची वाट बघायची नाही. आयर्विनला 40 फूट झाले की गाभण, म्हातारी आणि वासरं आधी निघतील, दिवसाउजेडी. पुरायची जागा ग्रामसभेत ठरली. फ्रीज लाकडी घडवंचीवर चढला आणि शेजारी बर्फाची पेटी आली. घटसर्प-फऱ्याची लस मे महिन्यातच टोचून झाली. आणि प्रत्येक गोठ्यात गव्हाणीच्या वर, हात पोचेल अशा खिळ्याला एक विळा.

गाठ शिकवायला मी घरोघर गेले. मावशींनी तोवर नवी म्हैस घेतली होती. त्यांच्या गोठ्यात मी दावं हातात घेतलं आणि माझे हात थरथरायला लागले. मावशींनी दावं माझ्या हातातून घेतलं, मला विचारून विचारून गाठ मारली, ओढून सोडली, पुन्हा मारली. मग म्हणाल्या, “आता शेजारणीला मी शिकीवते. तुमी फुडं जावा.”

2021 च्या जुलैमध्ये बेंदूर आणि पूर एकाच आठवड्यात आले. आयर्विनला पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर गेलं. बेंदराच्या रंगाचे डबे घरोघर होतेच. त्याच रंगानं पोरांनी शिंगांवर घरनंबर लिहिले आणि छावणीत एकाही जनावरावरून भांडण झालं नाही. पहिल्या दोन दिवसांत फक्त सुका कडबा, मग थोडा थोडा ओला. फाटकाशी उभी राहून मी येणारं प्रत्येक जनावर बघत होते, गप्प असलेलं आधी. सगळं साधलं असं नाही. एक आण्णा वस्तीवर अडकले, त्यांच्या सहा शेळ्या गेल्या. एक म्हैस ट्रॉलीतून उतरताना घसरली, तिचा पाय मोडला, तिला मला झोपवावं लागलं. पण त्या पुरात आमच्या गावात दाव्याला बांधलेलं एकही जनावर बुडालं नाही. मावशी बोटीत नव्हत्याच. त्या दोन दिवस आधी ट्रॉलीत म्हशीशेजारी उभ्या राहून माळावर आल्या होत्या.

नव्यानं रुजू होणाऱ्या माझ्या बहीण-भावांनो, तुमच्या बॅगेत औषधं असतीलच. त्यात एक विळा, एक दोर आणि एक वही ठेवा. पहिल्या महिन्यात गावातल्या जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठून येतं, जमीन कुठं खचते, चढ कुठं आहे. भिंतीवरच्या खुणेवर विसंबू नका. मे महिन्यातल्या बैठकीला बोलावणं आलं नाही तरी जा.

आणि ज्यांच्या दारात जनावर आहे त्या सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आज संध्याकाळी धार काढून झाली की गोठ्यात जरा थांबा आणि दाव्याची गाठ बघा. अंधारात, ओल्या हातानं, एका ओढीत ती सुटते का? सुटत नसेल तर आजच बदला.